धावपट्टीची राखण

बावीस वर्षं मी विमानाची वाट पाहण्याचा पगार घेतला. दुसऱ्या कोणी असं सांगितलं असतं तर मीही हसलो असतो, तेव्हा तुम्ही हसलात तरी माझी काही हरकत नाही. सौसर-पांढुर्णा रस्त्यावर जामसांवलीच्या पुढे एक मोठं पार्क होतं. त्याचं खरं नाव लांबलचक आणि इंग्रजी होतं, ते पाटीवर आणि तिकिटावरच राहिलं. आम्ही सगळे त्याला नुसतं ‘पार्क’ म्हणायचो. पाळणे, लाटांचा तलाव, राहायच्या खोल्या, भूतमहाल, आणि या सगळ्याच्या मागे, जिथे फिरायला आलेला माणूस सहसा पोचत नसे तिथे, किलोमीटरला थोडी कमी अशी डांबरी धावपट्टी. तिचा राखणदार मी, देवराव.

पार्क काढलं ते शेठनी. शेठ मूळचे लोधीखेड्याचे, संत्र्याचे व्यापारी. तरुणपणी धंद्याच्या कामासाठी एकदा नागपूरहून दिल्लीला विमानानं गेले. जाताना खिडकीला नाक लावून आपलं गाव शोधत बसले. गाव काही दिसलं नाही. परत आले ते डोक्यात हे खूळ घेऊनच. पुढे पैसा आला, पार्क झालं, आणि पार्कच्या नकाशात त्यांनी सगळ्यात आधी पट्टी आखली. लोक म्हणाले, मोठमोठे पाव्हणे विमानानं येतील म्हणून शेठ पट्टी बांधून राहिले. पाव्हण्यांचं निमित्त होतं. मला कामावर ठेवताना ते खरं बोलले.

“देवराव, पट्टी तयार ठेवजो. मी कवा येईन, सांगता येत नाही. पण एकदा इथं वरून उतरल्याबिगर मरणार नाही.”

मी “हो जी” म्हटलं. माझी मुलाखत एवढीच झाली.

आता धावपट्टी राखायची म्हणजे काय करायचं, ते सांगतो. वावर राखण्यापेक्षा फार वेगळं नाही. गुरं येऊ द्यायची नाहीत, डांबराच्या भेगांतून गवत निघालं की उपटायचं, पावसाळ्यानंतर खड्डे बुजवायचे. खांबाला एक लाल-पांढरी कापडी पिशवी टांगलेली असते, दोन्हीकडून उघडी. वारा भरला की ती आडवी होते आणि पायलटला वरून कळतं की वारा कुठून कुठे वाहतोय, कारण विमान वाऱ्याच्या तोंडावर उतरवतात. आमच्या उन्हात ती पिशवी दर वर्षी विटायची. बायकोनं घरच्या मशीनवर शिवून दिली की मी नवी चढवायचो. “तुमच्या जहाजाच्या पायजाम्याले एकच पाय काहून?” असं ती दर वर्षी न चुकता विचारायची; आमच्याकडे विमानाला जहाजच म्हणतात.

सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे पांढरे पट्टे. पट्टीच्या दोन्ही टोकांना जाड पट्टे रंगवलेले असतात. वरून पाहणाऱ्याला सगळी जमीन सारखीच, तूर काय, कपाशीची पऱ्हाटी काय नि डांबर काय. पट्टी नेमकी इथून सुरू होते, इथे चाकं टेकव, हे त्या पट्ट्यांनी सांगायचं. दर दिवाळीच्या आधी मी ते नव्यानं रंगवायचो. घराला रंग एखाद्या वर्षी चुकला असेल, पट्ट्यांना कधी चुकला नाही.

आणि विमान येत नव्हतं. उद्घाटनाला भाड्याचं एक ठरलं होतं, ऐन दिवशी त्याचं काहीतरी बिघडलं. पुढच्या वर्षी परवानगीचे कागद अडले. त्याच्या पुढच्या वर्षी संत्र्याचा बहार गेला. शेठ नागपूरला राहायला गेले आणि आज-उद्या करत वर्षं सरली. सौसरच्या बाजारात मी दिसलो की भाजीवालीपासून न्हाव्यापर्यंत सगळे एकच विचारायचे, “काय देवराव, जहाज आलं का?” माझे सासरे मात्र लोकांना छातीठोकपणे सांगायचे, आमचे जावई हवाई खात्यात आहेत. त्यांचं मन मोडू नये म्हणून मी गप्प बसायचो. पण खरं सांगतो, आतून मला लागायचं. एकदा, फक्त एकदाच उतरावं, म्हणजे आपण इतकी वर्षं गुरं हाकलत नव्हतो हे सगळ्यांना कळेल, असं मला वाटायचं. शेठना जेवढं हवं होतं, तेवढंच मलाही हवं होतं.

पार्कातल्या बाकी गोष्टी निदान चालल्या तरी. दारातच एक डायनासोर होता, मान डावी-उजवी करणारा. पाचव्या-सहाव्या वर्षी त्याची मोटार जळाली आणि मान अडकली ती नेमकी बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीकडे बघत. तक्रारी आल्या. मोटार काही मिळाली नाही, शेवटी खोलीची भिंत उंच करून घ्यावी लागली. लाटांच्या तलावात लाट यायची तेव्हा भोंगा वाजायचा. तो ऐकून शेजारच्या वावरातली माणसं जेवणाची सुट्टी करायची, आणि भोंगा वाजला नाही तर आम्हाला बोलायला यायची.

भूतमहालात मनोहर होता. पंचवीस तिकिटांमागे एक किंकाळी पक्की, असा त्याचा लौकिक. जामसांवलीच्या मारुतीचं दर्शन घेऊन आलेली मंडळी छाती काढून आत शिरायची, आता आपल्याला काय होतंय म्हणून. मनोहर अंधारातून नुसता गार हात मानेला लावायचा. बाहेर पडलेले सरळ रिक्षात बसून पुन्हा दर्शनाला जायचे, आणि तिथून धीर घेऊन परत तिकिटाच्या रांगेत उभे राहायचे. “मारुतीच्या अन् माह्या मधात तो रिक्षावाला जगून राहिला,” मनोहर म्हणायचा. तो बौद्ध, या असल्या गोष्टींवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. एकदा मी त्याला विचारलं, तुला तिथे एकट्याला भीती नाही वाटत? तो म्हणाला, “भूत नसते हे मले पक्कं मालूम हाय, म्हणून तं मीच होऊन बसलो.”

माझ्या पट्टीवर विमान सोडून बाकी सगळं उतरलं. काळं डांबर, दिवसभर ऊन आणि गुरांना मज्जाव, याच्याइतकं चांगलं खळं आसपास कोणाकडे असणार? आधी तुरी आल्या, मग मिरच्या. मी पहिली दोन वर्षं हाकलत होतो. मग बागेत झाडझूड करणाऱ्या बायांची म्होरकी, कौतिकाबाई, कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली. “जहाज येईन तवा उचलून घेऊ ना जी. तुमचं जहाज का न सांगता येते?” अर्धी पट्टी त्यांची, अर्धी विमानाची, असं ठरलं. विमानाच्या अर्ध्या भागावर सौसरच्या निम्म्या लेकीसुना स्कूटी शिकल्या. मी शिट्टी वाजवून त्यांना कडेला घ्यायचो, म्हणजे माझी शिट्टी अगदीच वाया गेली असं नाही.

एकदा तिगावचे एक बुढे गृहस्थ पिशवी घेऊन आले. त्यांचा मुलगा पुण्याला. विचारलं, “पुण्याले तिकीट किती लागते?” मी म्हटलं, बाबाजी, इथे विमान येत नाही.

“मंग तुमी इथे काय करून राहिले?”

“वाट पाहून राहिलो.”

त्यांना ते पटलं. माझ्याजवळ खाटेवर बसले, चहा घेतला, दोन तास माझ्यासोबत आभाळाकडे पाहिलं. मग उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, “आलं तं कळवजा.” इतक्या वर्षांत माझं काम काय आहे हे ज्यांना न हसता समजलं असे ते एकटेच.

मोठी फजिती झाली ती हेलिकॉप्टरची. निवडणुका होत्या. एक पुढारी येणार, सभा पार्कच्या मैदानात, हेलिकॉप्टर पट्टीवर. मी कौतिकाबाईला निरोप दिला, अर्धी पट्टी मोकळी आहेच, तुमच्या मिरच्या राहू द्या. हेलिकॉप्टरवाल्याला आमच्या वाटण्या कोण सांगणार? तो उतरला मिरच्यांवर. एवढा लाल ढग मी आयुष्यात पाहिला नाही. स्वागताला आलेली मंडळी हार टाकून पळाली, बँडवाल्याला ठसका लागून पिपाणी भलतंच बोलली. साहेब डोळे पुसतच मंचावर चढले आणि अर्धा तास रुमाल डोळ्यांना लावून बोलले. दुसऱ्या दिवशी गावात ज्याच्या-त्याच्या तोंडी हेच, माणूस मनाचा हळवा आहे, आपल्या लोकांचं प्रेम पाहून रडला. निवडूनही आले. कौतिकाबाईचं म्हणणं, त्यात तिच्या मिरच्यांचा वाटा होता, पण आभार मानायला कोणी आलं नाही.

संध्याकाळी शेठचा फोन आला. “उतरलं का?”

“उतरलं जी. पण हेलिकॉप्टर होतं.”

“ते धरत नाही आपण,” शेठ म्हणाले. मग मिरच्यांचं ऐकून पोटभर हसले आणि शेवटी म्हणाले, “मी येईन तवा मातर धूळ उडाली नाही पाहिजे.” ते वाक्य मी डोक्यात घट्ट बांधून ठेवलं. पुढची चूक त्यातूनच झाली.

मग वाईट दिवस आले. नागपूरजवळ नवी, मोठी पार्कं झाली. आमचा भोंगा बंद पडला. भूतमहालाचं छत गळू लागल्यावर मनोहरनं पांढुर्ण्यात मोबाइलचं दुकान टाकलं. डायनासोर कोणीतरी ट्रकवर घालून नेला. शेवटी सगळी जमीन प्लॉट पाडणाऱ्या एका माणसाला विकायची ठरली. आज तुम्ही गेलात तर तिथे सिमेंटचे खांब आणि चुन्याच्या रेघा दिसतील. धावपट्टी त्या वसाहतीचा मुख्य रस्ता होणार आहे म्हणे, आणि इतका सरळ रस्ता अख्ख्या तालुक्यात सापडणार नाही.

ताबा द्यायला महिनाच राहिला होता, तेव्हा शेठच्या मुलीचा फोन आला. शेठ हृदयाच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेत हे आम्हाला माहीत होतं. ती म्हणाली, “देवरावकाका, बाबांनी हट्टच धरलाय. डॉक्टरांनी नाही-नाही म्हणत एकदाच होकार दिलाय, तोही जेमतेम. नागपूरहून छोटं विमान ठरवलंय. कागद सगळे झालेत. परवा सकाळी अकरा वाजता. पट्टी तयार आहे ना?”

बावीस वर्षं मी या प्रश्नाची वाट पाहत होतो. “तयारच हाय जी,” म्हणालो आणि फोन ठेवल्याबरोबर तुरी उचलायला सांगायला धावलो.

दोन दिवस आम्ही झोपलो नाही म्हटलं तरी चालेल. तुरी उचलल्या. खड्डे बुजवले. पट्टे रंगवले, पिशवी नवी चढवली. मनोहर दुकान बंद करून आला, जुने सगळे आले. पण तुरीचा भुसा आणि वर्षानुवर्षांची धूळ डांबरात अशी बसली होती की झाडावं तितकी उडायची. पाण्याचा टँकर फिरवला, तासाभरात पाणी वाळलं, धूळ पुन्हा वर. मला तो मिरच्यांचा ढग दिसू लागला आणि त्यात धाप लागलेले शेठ.

कौतिकाबाई म्हणाली, “भाऊजी, आंगणातली धूळ आपण कशानं बसवतो?”

तुम्हीच सांगा, काय चुकलं तिचं? शेणाचा सडा टाकला की धूळ दबते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यात पाव्हणा यायचा आणि अंगणात सडा नाही, हे शोभतं का? तरीही शेवटचा शब्द माझा होता, आणि मी “टाका” म्हटलं, म्हणून चूक माझीच. गावातून शेणाच्या पाट्या आल्या. टँकरमध्ये शेण कालवलं. नळीची भोकं बुजायची, मनोहर काडीनं ती मोकळी करायचा. टँकर पोचेना तिथे बाया घमेली घेऊन हातानं सडा टाकत गेल्या. सकाळी नऊपर्यंत पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत अशी बसली की फुंकर मारली तरी कण उडेना. शेवटी मोठी रांगोळी काढली. मी मागे उभा राहून पाहिलं आणि मला वाटलं, एवढं देखणं विमानतळ देशात दुसरं नसेल.

अकराला पाच कमी असताना आवाज आला. पांढरं, लहानसं विमान दक्षिणेकडून आलं. शे-दीडशे माणसं दोन्ही बाजूंना उभी होती, बायांच्या हातात ओवाळायची ताटं. मी पिशवीच्या खांबाखाली, इस्तरीच्या कपड्यांत. विमानानं एक फेरी मारली. दुसरी मारली, खूप खाली येऊन. पंखांखालची अक्षरं वाचता आली. मग ते पुन्हा वर चढलं, वळलं, आणि नागपूरकडे निघून गेलं.

माझी बायको शेजारी होती. ती माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, “तुमचे पांढरे पट्टे कुठे हायेत?”

मी खाली पाहिलं. शेणाच्या पाण्याखाली पट्टे गेले होते. ओला, हिरवट-काळा रंग सगळीकडे एकसारखा, डांबर कुठलं आणि वावर कुठलं ते कळायला मार्ग नाही. बावीस दिवाळ्या ज्या पट्ट्यांना मी रंग दिला, ते ज्या एका सकाळी लागणार होते त्या सकाळी मीच झाकून टाकले होते. अर्ध्या तासानं मुलीचा फोन आला. पायलट म्हणाला, पट्टीवर चिखल आहे, उतरवता येणार नाही. बाबा ऐकत नाहीत, गाडीनं निघालोय.

अडीच तास लागले त्यांना यायला. तोवर एकही माणूस घरी गेला नाही, आणि ज्या लोकांनी बावीस वर्षं मला चिडवलं त्यांतल्या एकानंही तोंडातून शब्द काढला नाही. त्यापेक्षा चिडवलं असतं तर बरं वाटलं असतं. शेठ त्यानंतर पंधराच दिवस होते. म्हणजे आता सांगतो ते त्यांचं आणि माझं शेवटचं बोलणं.

गाडी पट्टीवर घ्यायला शेठनी नको म्हटलं. कडेला थांबवली, मुलीच्या खांद्यावर हात ठेवून उतरले आणि चपला काढल्या. सडा वाळला होता. अनवाणी चार पावलं आत आले. अंगानं पार वाळले होते, सदऱ्यात माणूस शोधावा लागावा असे.

“हे डोकं कोनाचं?” त्यांनी विचारलं. शे-दीडशे बोटं माझ्याकडे वळली.

“शेठ, चुकलो,” मी म्हणालो.

“पायलट म्हणे, खाली चिखल हाय. मी म्हटलं, बापा, चिखल नाही, सडा हाय. तो दूर मुलखाचा. म्हणे, सडा म्हणजे काय? मी सांगत बसलो. शेण सांगितलं, आंगण सांगितलं, पाव्हणा सांगितला...” शेठ दम घ्यायला थांबले. “तवर नागपूर आलं.”

सगळे हसले, शेठही हसले. मला हसू येईना, रडूच आलं, आणि ते मी लपवलं नाही. शेठनी माझा दंड धरला.

“गाव दिसलं का, शेठ?” मी कसंबसं विचारलं.

“दिसलं ना रे. लोधीखेडा दिसला, नदी दिसली. अन् तुमी सारे दिसले, दोन्हीकडे उभे. मुंग्यायवढे, पण दिसले. मी हात हलवला मंग.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तुमाले दिसला का?”

आम्हाला काहीही दिसलं नव्हतं. ती खिडकी केवढी, आणि तिच्यावर अकराचं ऊन. बावीस वर्षांत शेठशी मी एकदाही खोटं बोललो नव्हतो.

“दिसला ना जी,” मी म्हणालो. “चांगला दिसला.”

पण शेठ व्यापारी माणूस. पेटीतलं वरचं संत्रं पाहून सौदा करणारे नव्हते.

“कोनता हात?”

एवढ्यात मागून कौतिकाबाई, हातातलं ताट तसंच सावरत, मोठ्यानं म्हणाली, “दोन्ही हलवले ना जी तुमी!”

शेठ तिच्याकडे बघत राहिले. मग चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला.

“हो,” ते म्हणाले. “दोन्हीच हलवले.”